थरारपटाची दोन मिनिटं आणि कुंडीखालची चावी

माध्यम अभ्यासाच्या दुसऱ्या सत्रात आम्हाला काम मिळालं: थरारपटाची पहिली दोन मिनिटं तयार करा. पूर्ण गोष्ट नको, शेवट नको. फक्त सुरुवात, तीही श्रेयनामावलीसकट. सोबत एक टिपण, की या चित्रप्रकाराचे कोणते संकेत वापरले, कुठे आणि कशासाठी. चौघांचा गट, सहा आठवडे. दिग्दर्शन माझ्याकडे आलं, कारण बाकी तिघांना काहीतरी येत होतं. एकाचा कॅमेऱ्यावर हात बसलेला, एक मुलगी ध्वनिमुद्रणात पक्की, आणि तिसरा उत्तम अभिनय करायचा. उरलो मी.

संकेत म्हणजे काय हे आम्हाला पाठ होतं. पडद्यावर जे दिसलं की आपण कुठल्या जातीच्या चित्रपटाला बसलोय हे कोणी न सांगता कळतं, ते. आम्ही डझनभर थरारपटांच्या सुरुवाती वही घेऊन पाहिल्या आणि यादी केली. काळोख, पाऊस, घरात एकटी मुलगी, तोंड न दिसणारा माणूस, हातमोजे, सुरी, लुकलुकणारा दिवा, तिरका कॅमेरा, घड्याळाची टिकटिक, फोनवर नुसता श्वास, आरशात क्षणभर दिसलेली आकृती, भिंतीवर लाल फुल्या मारलेले फोटो. एकूण तेवीस निघाले. त्यातले सतरा मी पहिल्या पटकथेत बसवले. दोन मिनिटांत सतरा! मला वाटलं होतं, यावर सर खूश होतील.

सरांनी पटकथा वाचली, पालथी घातली आणि विचारलं, "प्रेक्षकाला असं काय माहीत आहे, जे हिला माहीत नाही?"

मी म्हटलं, "घरात खुनी आहे, हे."

"ते त्याला कधी कळतं?"

"शेवटी. तो मागून येतो तेव्हा."

"म्हणजे तिला आणि त्याला एकदमच कळतं. मग तोवर दोन मिनिटं लोकांनी काय करायचं? पाऊस बघायचा?"

थरारपटांचे नामवंत दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांचं टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण चित्रपट शिकणाऱ्या प्रत्येकाने ऐकलेलं असतं. १९६२ मध्ये फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्र्यूफो यांनी हिचकॉक यांच्या प्रदीर्घ मुलाखती घेतल्या, त्यातलं हे बोलणं. टेबलाशी माणसं गप्पा मारताहेत आणि अचानक बॉम्ब फुटला, तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का मिळतो. तोच बॉम्ब ठेवताना प्रेक्षकाने आधी पाहिला असेल, तर त्याच रटाळ गप्पा तो पंधरा मिनिटं जीव मुठीत धरून ऐकतो. आम्हीही हे ऐकलं होतं, माना डोलावल्या होत्या, परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते. आणि स्वतः लिहायला बसलो तेव्हा बॉम्ब शेवटच्या पानावर ठेवला.

दुसरी पटकथा माझी नाही. ध्वनी सांभाळणाऱ्या मुलीने ती पाच ओळींत सांगितली. बंद दार, बाजूला कुंडी. एक हात कुंडी उचलतो, खालची चावी घेतो, लॅच उघडतो, चावी पुन्हा खाली ठेवतो, कुंडी होती तशी फिरवून ठेवतो आणि आत जातो. दार ओढलं जातं. मग घरचा माणूस येतो, कुंडीखालून तीच चावी काढतो आणि आत जातो. बस. त्यानंतर त्याने बूट काढले, पाणी प्यायलं, फोन चार्जिंगला लावला, तरी बघणाऱ्याच्या पोटात गोळा येणार. ना सुरी, ना पाऊस.

आणि तिने अट घातली, की घरी येणारा मुलगा असेल. "प्रत्येक वेळी घाबरायला मुलगीच का?" कॅमेरावाल्याने वाद घातला, की मुलगी असली की प्रेक्षकाला लगेच धोका वाटतो, हाच तर संकेत आहे. बरोबरच होतं त्याचं. पण ती म्हणाली, की तो धोका मग आपण निर्माण केलेला नसतो, उसना आणलेला असतो. आमचा नट सहा फुटी, खांद्याने रुंद. असा माणूस निवांत बूट काढतोय आणि आपल्याला त्याच्यासाठी भीती वाटतेय, हे जमलं तर खरं. मला तेव्हा पटलं नव्हतं. मतदान झालं, मी हरलो.

स्टोरीबोर्डमध्ये, म्हणजे शॉटच्या आधी काढलेल्या चित्रांत, एकतीस चौकटी काढल्या. त्यातल्या तीस चौकटींना लागला नाही इतका वेळ एका चौकटीने खाल्ला: कुंडीची. सगळी दोन मिनिटं तिच्यावर टेकलेली. तिथे काय झालं हे प्रेक्षकाच्या लक्षातच राहिलं नाही, तर पुढे एक तरुण घरी येऊन पाणी पितो, एवढाच चित्रपट उरतो. पहिल्यांदा आम्ही तो शॉट लांबून घेतला, जिन्याच्या वळणावरून, कोणीतरी चोरून बघतंय असा. दिसायला झकास. पण त्यात कुंडी नखाएवढी होती, आणि बघणाऱ्याचा हमखास प्रश्न: जिन्यावरून कोण बघतंय? नको तो संशयित आम्हीच तयार केला होता. मग कॅमेरा जमिनीवर ठेवला, कुंडीच्या उंचीला. हात वरून चौकटीत येतो, माणूस दिसतच नाही. एखादी वस्तू पडदाभर दाखवली की प्रेक्षक ती मनात जपून ठेवतो, पुढे लागेल म्हणून. या प्रकारातला हा बहुधा सगळ्यात जुना करार आहे आणि आमच्या तेवीसच्या यादीत तो नव्हताच.

हाताला आधी काळा हातमोजा होता. मोबाइलवर घेतलेली चाचणी वर्गमित्रांना दाखवली तर एक जण फस्सकन हसला. मोजा काढला. उघडा हात, पूर्ण बाहीचा शर्ट, सावकाश हालचाल. कुंडी परत ठेवताना तिचा मातीतला जुना गोल ठसा बोटाने चाचपून बरोबर त्याच्यावर ठेवतो. ही बोटाची हालचाल लिहिलेली नव्हती, टेकच्या वेळी आपोआप झाली. हा माणूस इथे पहिल्यांदा आलेला नाही, हे त्या हालचालीने सांगून टाकलं.

चित्रीकरण नटाच्या मावशीच्या घरी, दोन संध्याकाळी. मावशींची एकच अट होती: सगळं जिथल्या तिथे ठेवा.

पहिल्या संध्याकाळचे पहिले दोन तास मी वाया घालवले, हे कबूल करायला हवं. मला हिचकॉक यांच्या 'व्हर्टिगो'मधला तो शॉट हवा होता, ज्यात चौकट तेवढीच राहते आणि आतली जागा ताणल्यासारखी होते. १९५८ साली तो केला गेला, कॅमेरा एका दिशेने सरकवत आणि झूम उलट्या दिशेने फिरवत. ऐकायला सोपं आहे. आम्ही कॅमेरावाल्याला चाकाच्या खुर्चीवर बसवून मागे ओढलं आणि त्याने हाताने झूम फिरवला. अकरा टेक. एकदा खुर्ची फरशीच्या सांध्यात अडली, एकदा फोकस गेला, बाकी सगळ्यांत चित्र उचकी लागल्यासारखं हलत होतं. शेवटी नटाने शांतपणे विचारलं, "पण या क्षणी मी कशाला घाबरलोय? मला तर काहीच माहीत नाही ना?" त्याचं बरोबर होतं. तो शॉट पात्राच्या मनातली भोवळ दाखवतो, आणि आमच्या पात्राच्या मनात तेव्हा फक्त भिजलेले मोजे होते. पटकथेतला तिरका कॅमेराही त्याच कारणाने गेला. जग ज्याला वाकडं दिसू लागलंय असं कोणी चौकटीत नसेल, तर तिरकी चौकट म्हणजे नुसता निसटलेला ट्रायपॉड.

काळोखाने तर आमची चांगलीच जिरवली. रात्र हवी म्हणून आम्ही सगळे दिवे घालवले आणि कॅमेऱ्याचा आयएसओ, म्हणजे प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता, ६४०० वर नेला. लॅपटॉपवर पाहिलं तर काळोख नाही, राखाडी मुंग्यांचं वारूळ. अंधारसुद्धा प्रकाशानेच करावा लागतो, हे मला त्या रात्री कळलं. खिडक्यांना काळं कापड लावलं, एकच दिवा खाली आणि बाजूला ठेवला, भिंतीवर पडणारा उजेड पुठ्ठ्याने अडवला. चेहऱ्याची अर्धी बाजू उजळली, उरलेली गेली. चित्र थोडं उजळच घेतलं आणि संकलनात खाली ओढलं. त्यातही पहिल्या काही शॉटमध्ये चित्रावरून काळे पट्टे सरकत होते, कारण कॅमेऱ्याचा शटर, म्हणजे एकेक चित्र टिपण्याचा वेळ, १/६० सेकंदावर राहिला होता आणि दिवे ५० हर्ट्झच्या विजेवर चालत होते. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० केल्यावर पट्टे गेले. नट म्हणाला, "अरे ठेवा की, तुमच्या यादीत लुकलुकणारा दिवा आहेच."

ध्वनीचं राज्य वेगळंच होतं. ध्वनीवालीने घरात पाऊल टाकताच डोळे मिटून दोन मिनिटं नुसतं ऐकलं आणि हुकूम सोडले: फ्रिज बंद, पंखा बंद, भिंतीवरच्या घड्याळातला सेल बाहेर. फ्रिज पुन्हा सुरू करायला विसरू नये म्हणून तिने माझ्या गाडीची चावी आतल्या कप्प्यात ठेवली. ध्वनिमुद्रणवाल्यांची ही जुनी युक्ती आहे. चावीशिवाय कोणी घरी जात नाही. घड्याळाचे काटे आम्ही दहा वीसवर लावून ठेवले. शेवटी तिने सगळ्यांना पुतळे करून उभं केलं आणि त्या खोलीची नुसती शांतता एक मिनिट मुद्रित केली. मला हसू आलं होतं. प्रत्येक जागेची शांतता वेगळी असते आणि दोन तुकडे जोडताना मधली फट भरायला तीच लागते, हे मला संकलनाला बसल्यावर कळलं.

दुसऱ्या संध्याकाळी हॉलचे शॉट. त्यातला एक मला आजही आवडतो. मुलगा चौकटीत अगदी उजवीकडे बसलेला, पाठमोरा, फोनमध्ये डोकं. डावीकडची दोन तृतीयांश चौकट रिकामी, आणि त्या रिकामपणात आतल्या खोलीचं अर्धवट उघडं दार, आत मिट्ट काळं. कॅमेरा हलत नाही. चौदा सेकंद. कॅमेरावाल्याला ते चुकीचं वाटत होतं. माणूस एका कोपऱ्यात आणि एवढी जागा फुकट कशाला? मी हट्ट धरला. दोन संध्याकाळींत दिग्दर्शक म्हणून मी केलेलं हे बहुधा एकमेव काम.

संकलन मीच केलं. पहिला जोड तीन मिनिटं दहा सेकंदांचा झाला, अठ्ठावन्न शॉटचा. थरारपट म्हणजे भराभर कट, ही माझी समजूत. बूट, कट, डोळा, कट, दार, कट, नळ, कट. पाहिल्यावर कॅमेरावाला म्हणाला, "घाई कोणाला आहे? याला तर नाही." आणि खरंच, प्रत्येक कट माझ्यातर्फे प्रेक्षकाला सांगत होता, की आता घाबर, आता इकडे बघ. तो स्वतः शोधायला लागण्याआधी मी त्याची मान फिरवत होतो. मी कट काढायला लागलो. अठ्ठावन्नचे चाळीस, चाळीसचे तीस, शेवटी चोवीस. कुंडीचा हात आणि मुलाचं येणं एवढंच थोडं चपळ ठेवलं. तो आत आला की शॉट लांबत गेले. एक गंमत मात्र उशिरा लक्षात आली. जिना चढताना मुलगा डावीकडून उजवीकडे जातो आणि दारातून आत शिरतो तो उजवीकडून डावीकडे. जोडल्यावर तो घरी न येता परत निघाल्यासारखा दिसत होता. कॅमेरा दाराच्या चुकीच्या बाजूला ठेवला गेला होता. मध्ये चावी फिरण्याचा समोरून घेतलेला क्लोजअप टाकून ते झाकलं.

संगीताची कथा थोडी लाजिरवाणी आहे. मी तारवाद्यांचे कर्कश झटके शोधून आणले आणि मुलगा आतल्या दाराजवळून जातो तिथे लावले. वर्गातल्या सहा जणांना दाखवलं. सगळे हसले. हिचकॉक यांच्या 'सायको'मधल्या न्हाणीघराच्या प्रसंगाला १९६० साली संगीतकार बर्नार्ड हरमन यांनी फक्त तारवाद्यं वापरली, आणि गंमत म्हणजे हिचकॉक यांना तिथे संगीत मुळात नकोच होतं. ऐकल्यावर त्यांनी मत बदललं. त्या आवाजाने तेव्हा लोक खुर्चीतून उडाले असतील. पण त्याची इतक्या वेळा नक्कल झाली, इतक्या विनोदी कार्यक्रमांत तो वाजला, की आता तो वाजला की आधी चेष्टाच आठवते. संकेत असे झिजतात. हातमोज्याचंही तेच झालं होतं. जे चिन्ह प्रेक्षक लांबूनच ओळखतो, त्याला तो घाबरत नाही, त्याला हात दाखवतो.

संगीत पूर्ण काढलं. त्या जागी ध्वनीवालीने कुंडीचा आवाज आणला. मूळ मुद्रणात कुंडी ओढल्याचा आवाज अगदीच मऊ होता, म्हणून तिने मातीचं एक झाकण खरबरीत लादीवर घासलं: सुरुवातीला खर्र, मग टक. तो पहिल्या शॉटवर बसवला. मुलगा चावी काढतो तिथे पुन्हा, तसाच. आणि मग अगदी शेवटी. मुलगा हॉलमध्ये बसलाय, आतल्या खोलीत कोणीतरी आहे हे आपल्याला ठाऊक आहे, शांतता आहे, आणि बाहेर, बंद दाराच्या पलीकडे, कुंडी पुन्हा घासते. खर्र. टक. चित्र काळं होतं, नाव येतं.

हा शेवट पटकथेत नव्हता. तिने तो आवाज संकलनाच्या टाइमलाइनवर शेवटी सरकवला आणि म्हणाली, "ऐक." माझ्या हातावर काटा आला. दिग्दर्शक फ्रिट्झ लांग यांच्या १९३१ च्या 'एम' या चित्रपटात खुन्याचा चेहरा दिसण्याआधी त्याची शीळ ऐकू येते. तोच कित्ता तिने गिरवला होता, मी तो चित्रपट पाहताना वहीत 'आवाजाचा वापर, छान' एवढंच लिहिलं होतं.

दुसऱ्या चाचणीत आम्ही प्रत्येकाला विचारलं, काय पाहिलंत ते सांगा. सहाही जण म्हणाले, "तो माणूस चावी घेतो." तो. हात आमच्या ध्वनीवालीचा होता. कॅमेरावाल्याच्या मनगटावर ठळक गोंदण असल्यामुळे ऐनवेळी तिने हात दिला होता आणि लांब बाही सोडून आम्ही काहीही लपवलं नव्हतं. ती बराच वेळ हसत होती. मग टिपणात तिने त्यावर पानभर लिहिलं, आणि आमच्या टिपणातलं तेच सगळ्यात वाचनीय पान झालं.

रंगाच्या वेळी हॉल थोडा निळा केला, कुंडी पिवळट ठेवली. त्यात विशेष काही नाही.

राहिलं घड्याळ. संकलनाच्या शेवटच्या आठवड्यात मला दिसलं, की पहिल्या संध्याकाळच्या सगळ्या शॉटमध्ये दहा वीस वाजलेत आणि चौदा सेकंदांच्या त्या माझ्या लाडक्या शॉटमध्ये भिंतीवर सात वाजायला वीस मिनिटं आहेत. सगळं जिथल्या तिथे, म्हणून मावशींनी मधल्या दिवशी सेल परत घातला होता आणि वेळही लावली होती. पुन्हा चित्रीकरण शक्य नव्हतं. चित्र मोठं करून घड्याळ चौकटीबाहेर ढकलून पाहिलं, तर ते जातं, पण सोबत दारही अर्धं जातं. घड्याळावर सावली रंगवून पाहिली, ती डागासारखी दिसली. दोन रात्री त्यावर घालवून मी दार ठेवलं आणि घड्याळही ठेवलं.

सादरीकरणाला वर्ग भरलेला होता. आमची फीत चौथी. कुंडी आली, हात आला, दार ओढलं गेलं आणि कुजबुज थांबली. मुलगा आला, बूट काढले, पाणी प्यायलं. मग तो शॉट. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत सेकंद मोजत होतो, कोण पहिला बोट दाखवतो याची वाट पाहत. सात, आठ, नऊ. कोणीच तिकडे बघत नव्हतं. माझ्या पुढच्या रांगेतला मुलगा हळूहळू उजवीकडे कलत होता, अर्धवट उघड्या दाराच्या आतलं दिसावं म्हणून, जणू पडद्याला खोली होती.